घरी मेडिकल कॅनबिस (औषधी गांजा) लावणं खरंच “तुळशीइतकं सोपं” आहे का?

हॅमिल्टनकर
काल इथे एकाने पोस्ट टाकली की कॅनडात 2018 पासून घरी चार झाडं लावता येतात, तेव्हा संधिवात, झोप, मायग्रेन जे काय असेल त्यासाठी दुकानात पैसे घालवू नका, बेसमेंटमध्ये झाडं वाढवायचा टेंट टाका, तुळशीइतकं सोपं आहे. वाचून डोकंच फिरलं. माझ्या बायकोला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जासंस्थेचा आजार) आहे आणि तिच्यासाठी मी लावतो, रीतसर नाव नोंदवून, माझं पोलिस रेकॉर्ड तपासून घेऊन. म्हणून लिहितोय.

एक तर ती चार झाडं घरामागे आहेत, माणसामागे नाहीत. नवरा-बायको-मुलगा मिळून बारा होत नाहीत. आणि मेडिकल हा वेगळाच मार्ग आहे. डॉक्टर रोजचे ग्रॅम लिहून देतो, ते हेल्थ कॅनडाकडे (केंद्राच्या आरोग्य खात्याकडे) जातं, मग सर्टिफिकेट येतं आणि झाडांचा आकडा त्या ग्रॅमवरून ठरतो. रोज 1 ग्रॅम असेल तर घरात 5 झाडं, बाहेर अंगणात 2. आजारी माणसाला दुसऱ्या कुणाला आपल्यासाठी लावायला नेमताही येतं, हे त्या पोस्टीत कुठे आहे?

पण माझा खरा राग बुरशीवर एक अक्षर नाही यावर आहे. बाहेरून कळी टपोरी दिसते, फक्त मधलं एखादं पान पिवळं पडलेलं असतं आणि चिमटीत धरलं की अलगद निघून येतं. कळी दोन बोटांनी उकलून बघा, आत राखाडी कापूस आणि देठ तपकिरी, लिबलिबीत. ती कळी कापून बाकीची वापरू म्हणणारे लोक आहेत!! नवख्याने दिवे कुठले, खत कुठलं हे नंतर बघावं, आधी दमटपणा मोजायचा हायग्रोमीटर आणि तो कमी करणारा डीह्युमिडिफायर घ्यावा. फुलोऱ्यात दमटपणा 50 टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही. काढणीनंतर अंधारात 18-20 अंशाला दहा ते चौदा दिवस सावकाश वाळवायचं, घाईने बरणीत भरलं की संपलं.

लंडन_ओंटारियो
ती पोस्ट माझीच. तुम्ही लोकांना घाबरवताय. माझी पाठ गेली आठ तास उभं राहून, इन्शुरन्स एक पैसा देत नाही, आणि वर सरकार औषध म्हणून घेणाऱ्याकडूनही एक्साइज (उत्पादन शुल्क) घेतं, ग्रॅममागे 1 डॉलर किंवा 10 टक्के, जे जास्त असेल ते, त्यावर परत एचएसटी हा विक्रीकर. कुठल्या औषधावर असा टॅक्स आहे सांगा मला. घरी लावणं हाच गरिबाचा उपाय आहे. ऑटोफ्लॉवर बी घ्या, म्हणजे वय झालं की आपोआप फुलणारं, 18 तास दिवा ठेवा, फुलण्यासाठी 12 तास उजेड-12 तास अंधार ही भानगडच नाही, फेमिनाइज्ड (फक्त मादी झाडं देणारं) असेल तर नर झाडं ओळखत बसायला नको. होतं की सगळं!

निफाडचा
टॅक्सवर तुमचं बरोबर, पण बुरशीवर हॅमिल्टनकरांचं. आमचं घरच द्राक्षाचं, भुरी काय असते ते मला कुणी शिकवू नये. पानावर पांढरी पावडर दिसली की आपले लोक सरळ गंधक मारतात, निंबोळी तेल मारतात. द्राक्ष धुऊन खाता येतं हो, ही कळी कुणी धूर करून ओढणार आहे. फुलोरा सुरू झाला की फवारणी बंद म्हणजे बंद. लाल कोळी आला तर लहान झाड असतानाच पानं उलटी करून भिंगाने बघा. आणि बाहेर लावणाऱ्यांनो, इथे साधं झाड ऑक्टोबरात तयार होतं, तेव्हा गार पाऊस आणि धुकं. बाहेर लावायचं तर ऑटोच लावा, जूनमध्ये, थंडीच्या आत हाताशी येतं.

मिसिसागाची_मावशी
तुम्ही सगळे झाडांचं बोलताय, शेजाऱ्यांचं कोण बोलणार? आमची टाउनहाउसची भिंत कॉमन आहे. पलीकडे “मेडिकल” म्हणून लावलंय, माझ्या नातवाच्या दप्तराला वास येतो. शाळेतून विचारणा झाली!! कसलं मेडिकल, एका पत्त्यावर चार-चार नावं नोंदवता येतात, रोज 20 ग्रॅम लिहून आणलं की घरात शंभराच्या जवळ झाडं बसतात. एवढं कोण रुग्ण ओढतो? तो धंदाच आहे.

हॅमिल्टनकर
मावशी, माझ्या बायकोला त्या धंदेवाल्यांच्या ओळीत बसवू नका. कार्बन फिल्टर लावला तर वास जात नाही बाहेर.

मिसिसागाची_मावशी
तुम्ही लावता, ते लावत नाहीत! मी आधी जाऊन नीट बोलले, मग टाउनहाउसच्या सोसायटीच्या बोर्डाकडे गेले. बोर्ड म्हणतं नियमाने घरात लावायला बंदी आहे पण त्यांचा आजार असेल तर मानवी हक्काचा मुद्दा येतो, सवलत द्यावी लागते. मग माझ्या घरात श्वास घ्यायचा हक्क कुठे गेला? आजारपणाचा आदर मलाही आहे, माझे यजमान केमो चालू असतानाच वारले.

लंडन_ओंटारियो
तुमचा शेजारी वाईट म्हणून आम्ही दुखणं सहन करायचं का? क्वेबेक प्रांताने घरी लावायला सरसकट बंदी घातली, 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली, तरी तिथेसुद्धा मेडिकल नोंदणीवाल्याला लावता येतं. काहीतरी विचार करूनच ठेवलंय ना ते.

वॉर्डातली_ताई
मी नर्स आहे. वासावरून भांडून झालं असेल तर डोसचं ऐका. घरच्या कळीत किती टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) आहे हे लॅबशिवाय कळत नाही. दुकानातल्या डब्यावर आकडा असतो. कच्च्या कळीत टीएचसी ॲसिडच्या रूपात असतं, ओव्हनमध्ये साधारण 110-120 अंशाला तापवल्याशिवाय तेलात घालून खाल्लं तरी चढत नाही, मग लोक म्हणतात काहीच होत नाही आणि दुसऱ्यांदा दुप्पट खातात. खाल्लेलं चढायला तास-दोन तास लागतात. वॉर्फरिन (रक्त पातळ करणारी गोळी) चालू असेल तर सीबीडीने (गांजातल्याच दुसऱ्या, नशा न आणणाऱ्या घटकाने) रक्त जास्त पातळ होऊ शकतं, डॉक्टरला सांगितल्याशिवाय घेऊ नका. आणि केमोवाल्या माणसाला घरची बुरशी लागलेली कळी दिलीत तर फुप्फुसात ॲस्परजिलस ही बुरशी जाऊ शकते. मावशी, तुमच्या यजमानांसारख्यांसाठी, केमोच्या उलट्यांवर, नॅबिलोनच्या (टीएचसीसारखं बनवलेलं औषध) कॅप्सूल आहेत, त्यांना झाडाची गरज नसते.

मिसिसागाची_मावशी
आम्हाला तेव्हा हे कुणी सांगितलंच नाही. शेवटी शेवटी पाणीसुद्धा ठरत नव्हतं.

पुणे_३८
पुण्यात आईच्या गुडघ्यांसाठी एखादं झाड गच्चीत लावलं तर? बी भाऊ तिकडून आणेल.

निफाडचा
अजिबात नको. भारतात एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम 20, झाड लावलं तरी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. आणि भावाला सांगा, कॅनडाच्या बॉर्डरवरून प्रिस्क्रिप्शन असलं तरी काही न्यायचं नाही, आणायचंही नाही.

लंडन_ओंटारियो
बरं. “तुळशीइतकं सोपं” हे शब्द काढतो पोस्टीतून, आणि हायग्रोमीटर व वॉर्फरिनचं वर टाकतो. पण एक्साइजवर एकानेही उत्तर दिलेलं नाही.

हॅमिल्टनकर
टॅक्स चुकीचाच आहे, तेवढं मान्य. मेडिकल नोंदणीवर परवानेवाल्या विक्रेत्याकडून घेतलेल्या मालाची बिलं इन्कम टॅक्समध्ये मेडिकल खर्चात दाखवा, थोडं परत मिळतं. आणि मावशी, शेजाऱ्याला फिल्टरचं माप मी लिहून देतो, टेंटची लांबी-रुंदी-उंची तेवढी विचारून ठेवा.