फोर्टी इयर ओल्ड व्हर्जिन: चावट आहेच, पण

कंबरेखालचे जोक सोडून ‘फोर्टी इयर ओल्ड व्हर्जिन’ या पिक्चरमध्ये आहे काय म्हणताय, तर अहो चावटपणा भरपूर आहेच, पण तो क्लिनिकमधला सीन आठवा ना, हिरोच्या गर्लफ्रेंडच्या, त्रिशच्या मुलीला व्हर्जिन म्हणून सगळे हसतात तेव्हा आपला हिरो अँडी सरळ उठून सांगतो की मीपण व्हर्जिनच आहे, मग हशा त्याच्यावर! तिथे मला चक्क भरून आलं राव. २००५चा पिक्चर, जड अपाटोचं दिग्दर्शन म्हणून पहिलंच. छातीच्या वॅक्सिंगचा सीन तर खराखुरा केलाय, अँडी झालेल्या स्टीव्ह कॅरेलचे केस खरंच उपटलेत, ते ओरडणं अ‍ॅक्टिंग नाहीये. बाकी मित्रांची बडबड थोडी ताणलीये, तेवढं मान्य. आणि हो, आईबाबांसोबत बघू नका, मी बघितलाय.