इंग्लिशमध्ये टाइम सांगायला-विचारायला शिकायचंय, कुठून सुरुवात करू? (टुरिस्ट गाडी चालवतो)

टीपॉइंटवाला
नमस्कार मंडळी. मी संभाजीनगरला टुरिस्टची गाडी चालवतो, अजिंठा, वेरूळ, दौलताबाद हे रोजचंच. शिक्षण बारावी, मराठी मीडियम, आणि आमच्या वेळी इंग्लिश पाचवीपासून होतं (पहिलीपासून सुरू झालं २००० साली, आम्ही त्याच्या आधीचे). तरी कामापुरतं येतं, धिस वे सर, लंच सर, नो प्रॉब्लेम मॅडम, इथपर्यंत गाडी टॉप गिअरमध्ये. घोडं अडतं ते टाइमवर.

अजिंठ्याला कसं असतं, आपली गाडी टी पॉइंटलाच लावायची, तिथून लेण्यांपर्यंत चार किलोमीटर एसटीची बस नेते. म्हणजे गेस्ट वर गेले की परत कितीला येणार ते आधीच नक्की करून घ्यावं लागतं, वर मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही. मागच्या सीझनला एक जोडपं होतं, साहेब म्हणाले फोर फिफ्टीन, मी ऐकलं फोर फिफ्टी. निवांत फर्दापूरला जेवलो, गाडीत आडवा झालो, पावणेपाचला टी पॉइंटला आलो तर दोघं सव्वाचारपासून झाडाखाली उभे. साहेब काही बोलले नाहीत पण मॅडमनी संभाजीनगरपर्यंत शंभर किलोमीटर खिडकीबाहेरच बघितलं.

त्याच जोडप्याला दुसऱ्या दिवशी सकाळी एअरपोर्टला सोडायचं होतं. क्वार्टर टू सिक्स म्हणाले. आता माझ्या डोक्यात क्वार्टर म्हणजे सव्वा हे फिट्ट बसलेलं, म्हणून मी धरलं सव्वासहा. सहाला हॉटेलवाल्याचा फोन, मी तोंडाला साबण लावून मोरीत. विमान मिळालं त्यांना, पण टिपचं सोडा, माझी इज्जतच गेली.

एका स्पोकन इंग्लिशच्या क्लासला विचारलं तर म्हणे सहा महिने लागतील, पहिले दोन महिने टेन्स. मला टेन्स नको हो, टाइम पाहिजे. कुणी सोपा रस्ता सांगेल का?

खेकडा_२१
मोबाईलवर टाइम टाकून समोर धरायचा. विषय संपला.

टीपॉइंटवाला
भाऊ ते करतोच आता. पण गेस्ट मागच्या सीटवर असतो आणि माझ्या हातात स्टेअरिंग असतं त्याचं काय. शिवाय फोनवरपण ठरतं कधी कधी.

निवृत्त_मास्तर
तुमचा साबणाचा किस्सा वाचून हसलो, राग मानू नका. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंय आणि दर वर्षी हीच चूक बघितलीय. गंमत अशी की मराठी माणसाला हे इंग्लिशवाल्यापेक्षा सोपं जायला पाहिजे कारण आपल्याकडे हे सगळं आधीपासून आहे, फक्त कुणी जोडून दाखवत नाही.

बघा, सव्वा हा शब्द आलाय सपाद वरून, म्हणजे पाव सकट. सव्वासहा म्हणजे सहा आणि वर पाव, क्वार्टर पास्ट सिक्स. साडे म्हणजे अर्ध्यासकट, हाफ पास्ट सिक्स. आणि पाऊण म्हणजे पाद-ऊन, पाव उणा. पावणेसहा म्हणजे सहाला पाव कमी, क्वार्टर टू सिक्स. तर तुम्ही क्वार्टर ऐकलं की सव्वा धरता तिथंच फसता. क्वार्टर म्हणजे नुसता पाव. तो पाव चढवायचा की उतरवायचा हे पुढचा बारका शब्द सांगतो. कान क्वार्टरवर नाही, पास्ट की टू यावर ठेवायचा. टू ऐकलं की पावणे. बास.

एवढं मात्र लक्षात ठेवा, दीड, अडीच आणि नुसता पाऊण हे आपले लाडाचे शब्द, त्यांना इंग्लिशमध्ये वेगळी नावं नाहीत. दीड वाजता म्हणजे हाफ पास्ट वन, अडीच म्हणजे हाफ पास्ट टू, आणि आपण पाऊण वाजला म्हणतो तेव्हा क्वार्टर टू वन. तिथं एक हा आकडा आपण बोलतच नाही त्यामुळं पोरं हमखास क्वार्टर टू ट्वेल्व्ह म्हणून मोकळी होतात.

प्रॅक्टिससाठी मी पोरांना घड्याळ आणायला सांगायचो नाही. घरातली जेवायची स्टीलची थाळी घ्या, खडूनं वर बारा आणि खाली सहा काढा, मधून उभी रेघ मारा. उजव्या बाजूला लिहा पास्ट, डाव्या बाजूला लिहा टू. काटे म्हणून उदबत्तीच्या दोन काड्या, एक मोडून आखूड. घरात लहान पोरगं असेल तर त्याला काड्या हलवायला सांगा आणि तुम्ही बोला. मोठी काडी डाव्या बाजूला गेली की पुढचा तास बोलायचा, टेन टू फाइव्ह म्हणजे पाचला दहा कमी. आठ दिवस रोज दहा मिनिटं केलं तरी पुष्कळ.

आणि ओ क्लॉक फक्त पूर्ण तासाला. फाइव्ह ओ क्लॉक बरोबर, फाइव्ह थर्टी ओ क्लॉक असलं काही नसतं, टीव्हीवर बोलणारेसुद्धा बोलतात म्हणून सांगतोय.

नाइटशिफ्ट_हिंजवडी
मास्तरांचा पूर्ण आदर ठेवून थोडं वेगळं बोलतो. मी सात वर्षं परदेशातल्या कस्टमरशी फोनवर बोलतोय, पास्ट आणि टू फक्त ऐकण्यापुरतं शिका, बोलायला वापरूच नका. बोलायचं सरळ आकड्यात. फोर फिफ्टीन, फाइव्ह फोर्टीफाइव्ह, सिक्स थर्टी. एकही गोरा माणूस तुम्हाला असं बोललं म्हणून अडाणी समजत नाही. आणि आपल्याला याची सवय आहेच की, मुंबईत आठ तेराची फास्ट आणि नऊ सत्तावन्नची स्लो असंच बोलतात लोक, कुणी आठ वाजून तेरा मिनिटांनी सुटणारी असं म्हणत नाही. एकच नवीन गोष्ट, मिनिटं दहाच्या आत असतील तर मध्ये ओ घालायचा, ८:०५ म्हणजे एट ओ फाइव्ह.

टेन टू फाइव्हवरून आठवलं. आमच्या टीममध्ये नवीन पोरगा होता, क्लायंट म्हणाला कॉल मी ॲट टेन टू फाइव्ह, यानं लिहून घेतलं दहा ते पाच, म्हणजे दिवसभरात कधीपण. केला दुपारी दोनला. क्लायंट मीटिंगमध्ये. पुढचं विचारू नका.

तुझा फिफ्टीन-फिफ्टीचा घोळ मात्र सगळ्यांचा होतो, इंग्लिश मीडियमवाल्यांचापण. ट्रिक अशी की फिफ्टीनमध्ये जोर शेवटी येतो, फिफ-टीऽऽन, आणि नाकातला न ऐकू येतो. फिफ्टीमध्ये जोर सुरुवातीला, फिफ्-टि, आणि लगेच तुटतो. थर्टीन-थर्टी, फोर्टीन-फोर्टी सगळं तसंच. पण गाडीचा एसी चालू, बाहेर ट्रक, अशात न कुठला ऐकू येतोय. म्हणून दर वेळी परत विचारायचं: वन फाइव्ह ऑर फाइव्ह झीरो? एवढं एक वाक्य पाठ कर, तुझे अर्धे प्रॉब्लेम तिथंच मिटतील.

निवृत्त_मास्तर
बोलायला आकडे, ऐकायला पास्ट-टू, हे मला मान्य आहे. वन फाइव्ह ऑर फाइव्ह झीरो हे माझ्या पोरांना शिकवायला पाहिजे होतं.

श्टुटगार्टची_मावशी
टीपॉइंटवाले दादा, तुमच्याकडे ब्रिटिश आणि जर्मन दोन्ही गेस्ट येत असतील तर हे नीट वाचा, नाहीतर पुन्हा झाडाखाली उभं करायची वेळ येईल.

ब्रिटिश माणूस घाईत पास्ट गाळतो, नुसतं हाफ फाइव्ह म्हणतो. त्याचा अर्थ साडेपाच. आपलं साडेपाच जसं बनतं तसंच, म्हणून आपल्याला पटकन कळतं. पण जर्मनमध्ये हाल्ब फ्युन्फ म्हणजे साडेचार! पाचव्या तासाचा अर्धा झाला असा हिशोब. आणि जर्मन माणूस इंग्लिश बोलताना कधी कधी तेच शब्द उचलून हाफ फाइव्ह म्हणतो आणि त्याच्या मनात असतात साडेचार. शब्द तेच, फरक एक तासाचा. मी इथं आले त्या वर्षी मुलाच्या दाताच्या डॉक्टरकडे असंच एक तास उशिरा पोचले होते, रिसेप्शनवरच्या बाईंनी घड्याळाकडे बोट दाखवलं फक्त. तेव्हापासून हाफ ऐकलं की मी आकड्यात परत विचारते, फोर थर्टी? फाइव्ह थर्टी?

युरोपातली मंडळी चोवीस तासांचंपण बोलतील, सिक्सटीन थर्टी वगैरे. त्यातून बारा वजा करायचे, साडेचार. आणि अमेरिकन क्वार्टर ऑफ फाइव्ह म्हणाला तर घाबरायचं नाही, तेही पावणेपाचच.

गिरगावकर_आजोबा
एक तासाचा फरक काय घेऊन बसलात, आमच्या मुंबईत तर एकाच गावात दोन टाइम होते. स्टँडर्ड टाइम आला १९०६ साली, पण मुंबईनं आपला बॉम्बे टाइम १९५५ पर्यंत सोडला नाही, तो ३९ मिनिटं मागे. वडील सांगायचे की कुणी टाइम सांगितला की लोक आधी विचारायचे, कुठला? जुन्या लग्नपत्रिका काढून बघा, मुहूर्ताच्या वेळेपुढे स्टँ. टा. छापलेलं दिसेल. तर परत विचारून घेण्यात लाज कसली.

खेकडा_२१
३९ मिनिटं मागे. आमच्या ऑफिसातले काही जण अजून त्याच टाइमवर आहेत.

फ्रंटडेस्क_कळंगुट
विचारायचं कसं ते कुणी सांगितलंच नाही अजून. मी हॉटेलात रिसेप्शनला आहे, रोज पन्नास वेळा हेच करते. टेल मी टाइम म्हणू नका दादा, ते हुकूम सोडल्यासारखं वाटतं. दोनच वाक्यं घोटून ठेवा. निघायचं असेल तर, व्हॉट टाइम वुड यू लाइक टू लीव्ह? परत यायचं असेल तर, व्हॉट टाइम विल यू बी बॅक? आणि त्यांनी सांगितलं की तेच आकड्यात परत बोलून पुढे राइट? लावायचं. फोर फिफ्टीन, राइट? झालं.

आणखी एक, डू यू हॅव टाइम आणि डू यू हॅव द टाइम यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. द असेल तर किती वाजले, द नसेल तर तुमच्याकडे जरा वेळ आहे का. आमच्याकडे एका नवीन मुलानं एकट्या आलेल्या मॅडमना पहिलं विचारलं, त्याला विचारायचे होते किती वाजले. मॅडमनी मॅनेजरलाच बोलावलं.

तुमच्या कामात सगळ्यात जास्त घोळ पाचपर्यंत या शब्दाचा होणार, हे मी लिहून देते. आपण म्हणतो पाचपर्यंत या आणि पाचपर्यंत थांबतो, दोन्हीकडे पर्यंत. इंग्लिशमध्ये ते फुटतं. पाचपर्यंत या म्हणजे पाचच्या आत कधीही, तिथं बाय: प्लीज कम बॅक बाय फाइव्ह. पाचपर्यंत थांबतो म्हणजे पाच वाजेस्तोवर तिथंच, तिथं टिल: आय विल वेट टिल फाइव्ह. मराठी माणूस दोन्हीला टिल लावतो. प्लीज कम टिल फाइव्ह म्हटलं तर गेस्ट नुसता बघत बसेल.

आणि दादा, गेस्टला इन फाइव्ह मिनिट्स म्हणालात तर पाच मिनिटांतच या. आपल्याकडचं पाच मिनिटांत आलो हे त्यांना माहीत नसतं, ते खरं धरतात.

नाइटशिफ्ट_हिंजवडी
बाय आणि टिल एक नंबर. आमच्याकडे ट्रेनर ठेवून शिकवलं तरी लोक आय विल सेंड इट टिल ईव्हनिंग लिहितातच.

टीपॉइंटवाला
सगळ्यांना हात जोडून धन्यवाद. बाय-टिलचं वाचून मला आठवलं की मी आजपर्यंत शंभर लोकांना कम टिल फाइव्ह म्हणालोय. एक शंका, रात्री बाराचं काय? ट्रेनवाल्या गेस्टला रात्री स्टेशनला सोडायचं असतं तेव्हा एएम का पीएम यात डोकं जातं.

निवृत्त_मास्तर
एएम-पीएम बाराला लावूच नका. दुपारचे बारा म्हणजे ट्वेल्व्ह नून, रात्रीचे बारा म्हणजे मिडनाइट. आणि तिकिटावर १५ तारीख आणि ००:२० असेल तर तुम्ही गेस्टला स्टेशनला सोडायचं १४ च्या रात्री. याच्यात शिकलेसवरलेले लोकसुद्धा गाडी चुकवतात. गेस्टला म्हणा टुनाइट, आफ्टर मिडनाइट.

फ्रंटडेस्क_कळंगुट
ऐकायच्या सवयीसाठी ब्रिटिश कौन्सिलचं लर्नइंग्लिश आणि बीबीसी लर्निंग इंग्लिश, दोन्हीवर फुकट भरपूर आहे. यूट्यूबवर ऐकताना स्पीड कमी करायचा, गेस्टची वाट बघत टी पॉइंटला बसता तेव्हा कानात घालून ठेवा. ग्रामरचे व्हिडिओ सोडून द्या.

टीपॉइंटवाला
अपडेट देतो, अकरा दिवस झाले. थाळी घेतली, काड्या घेतल्या, मुलगी चौथीत आहे ती परीक्षा घेते माझी. पहिल्या दिवशी वीसपैकी सात बरोबर, काल अठरा. बायको म्हणाली थाळी धुवून ठेवत जा निदान.

आज लंडनचे म्हातारे आजी-आजोबा होते, वेरूळला. आजोबा म्हणाले हाफ फोर. मी गाडी थांबवली, मागे वळलो आणि म्हणालो, फोर थर्टी, थ्री झीरो, राइट? म्हणाले स्पॉट ऑन. मी साडेचारच्या आधी दहा मिनिटं गेटवर उभा.

पण उद्याचं ठरवताना आजी म्हणाल्या सेव्हन-इश. सेव्हन कळलं, हे इश काय आहे?

श्टुटगार्टची_मावशी
अहो ते सातेक. सातच्या आसपास, पाच-दहा मिनिटं इकडे-तिकडे.

निवृत्त_मास्तर
तरी तुम्ही सातला दहा कमी असतानाच जा.

खेकडा_२१
आणि आजी सव्वासातला खाली आल्या तर तूच म्हण, इश्श.