चिऱ्याच्या ओल्या भिंती, जलरंग आणि गंजिफा: प्रदर्शन कसं मांडावं?

दालन_सिंधुदुर्ग
नमस्कार मंडळी. वाचनालयाच्या तळमजल्यावरच्या दालनात घटस्थापनेपासून तीन आठवडे स्थानिक चित्रकारांचं प्रदर्शन आहे. २२ जलरंग, १० अॅक्रिलिक, पिंगुळीच्या चित्रकथीची, म्हणजे कथा सांगताना दाखवायच्या पोथीतली, ६ चित्रं (त्यातली दोन जुनी) आणि सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांमधली (हाताने रंगवलेले पारंपरिक पत्ते) एका अवताराची १२ पानं. दालन ३० × १८ फूट. भिंती चिऱ्याच्या (जांभा दगड), वर सिमेंटचा गिलावा. पश्चिमेच्या भिंतीवर पांढरा खार फुटलाय. आर्द्रतामापक ८५ टक्क्यांच्या खाली येत नाही. खिळा ठोकला की गिलावा सुटतो. एसी उद्घाटनाच्या सकाळी लावायचा विचार आहे. कागदाची कामं कशी सांभाळावीत?

फ्रेमकाम
एसी त्या सकाळी लावू नका. दिवसभर काच गार होते, रात्री एसी बंद झाला की बाहेरची दमट हवा आत येते आणि काचेवर पाणी धरतं. आठ दिवस आधीपासून डीह्युमिडिफायर रात्रंदिवस चालवा. इतक्या जागेला दिवसाला २०-२५ लिटर पाणी काढणारं यंत्र लागेल, दारं सतत उघडी राहणार असतील तर दोन. त्याची नळी थेट बाहेर सोडा. बादलीवर ठेवलंत तर बादली भरली की मध्यरात्री यंत्र आपोआप बंद पडतं आणि सकाळपर्यंत सगळं पूर्ववत. लक्ष्य ५५ टक्के. ६५-७० च्या वर काही दिवस गेले की कागदावर बुरशी धरायला लागते.

आधी मापक तपासा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, ओल्या वाळूइतकं भिजेल एवढंच पाणी घाला, मापकासकट झिपच्या पिशवीत आठ तास बंद ठेवा. ७५ दाखवायला हवं. जितका फरक, तितका पुढे प्रत्येक वेळी धरायचा.

आता मुख्य गोष्ट. पावसात फ्रेम केली की पाऊस आत कोंडला जातो. चित्र, माउंट, पाठीचा बोर्ड सगळं ५५ टक्क्यांच्या खोलीत दोन दिवस सुटं पसरा आणि मगच बंद करा. काच आणि चित्र यांत किमान ३ मिमी अंतर हवं, नाहीतर रंग काचेला चिकटतो आणि काढताना सोलून येतो. सेलोटेप अजिबात नको, ती पिवळी पडते आणि डाग कागदात उतरतो. मैद्याची खळ आपल्याकडे कसर ओढते. त्यापेक्षा आम्लरहित कागदाचे चार कोपरे करून त्यांत चित्र अडकवा, गोंद चित्राला लागतच नाही. पाठीला प्लास्टिकचा पन्हळी बोर्ड, कडेला कागदी टेप. खालच्या दोन कोपऱ्यांना १० मिमीची बुचं लावा, म्हणजे फ्रेमच्या मागे हवा खेळते.

चिरेबंदी
भिंतीचं सांगतो. चिरा मऊ आणि सच्छिद्र, त्यामुळे ड्रिलचा हातोडा बंद ठेवून नुसतं फिरवत भोक पाडा. सांध्यात नको, चिऱ्यात घ्या. १०० मिमी लांब नायलॉनचा प्लग चिऱ्यापर्यंत पोचतो. नुसत्या गिलाव्यात बसवलेला वजनाने बाहेर येतो. छताखाली अॅल्युमिनियमची पट्टी एकदाच बसवा, दर ४५ सेंमीला एक स्क्रू, आणि तारांवर चित्रं टांगा. पुढच्या प्रदर्शनाला पुन्हा भोकं नकोत.

पश्चिमेच्या भिंतीवर एकही चित्र नको. खार फुटतोय म्हणजे पाणी अजून चढतंय, वरून रंग मारून ते थांबत नाही. तिच्यापुढे १५ सेंमी सोडून उभे पॅनेल लावा.

उंची: चित्राचा मध्य जमिनीपासून १४८ सेंमी. फ्रेम ६० सेंमी उंच आणि ताणलेली तार वरच्या कडेपासून ८ सेंमी खाली असेल तर हूक १४८ + ३० − ८ = १७० सेंमीवर. सगळ्यांच्या वरच्या कडा जुळवायला जाऊ नका, मध्य जुळवा.

लाखरोगण
गंजिफांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. पानांवर लाखेचं रोगण असतं. ती एकावर एक ठेवली तर दमट हवेत चिकटतात. स्पिरिटने पुसू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. कोरडा मऊ ब्रश पुरे. हॅलोजनचा दिवा तर मुळीच नको, उष्णतेने रोगण मऊ पडतं.

६० × ६० × १५ सेंमीच्या बंद पेटीला साधारण १ किलो सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) लागेल. पण भट्टीतून काढलेलं कोरडं जेल तसंच घालू नका. हवा एकदम कोरडी पडते, पान वाकतं आणि रोगणाला तडे जातात. जेल पातळ पसरून ८-१० दिवस त्याच ५५ टक्क्यांच्या खोलीत ठेवा, मग पेटीच्या तळाशी जाळीखाली भरा. १२ पानं राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत याच क्रमाने लावा, पाठीला तिरका आधार द्या. दिवा बाजूने तिरका, नाहीतर रोगणावर फक्त दिवाच दिसतो.

जुनी चित्रकथी बोर्डवर चिकटवायची नाही. पोथीतली चित्रं बऱ्याचदा पाठीला पाठ लावून जोडलेली असतात, म्हणजे मागेही चित्र असतं. आधी उलटून पाहा. तसं असेल तर दोन काचांमध्ये, दोन्ही बाजूंना अंतर ठेवून छतापासून टांगा, लोकांना भोवती फिरता येईल. जलरंग आणि चित्रकथीवर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड नको. अॅक्रिलिकला १५०-२०० चालतो.

दालन_सिंधुदुर्ग
फार मोलाचं. यंत्र आजच भाड्याने सांगतो. अॅक्रिलिकची कामं बबल रॅपमध्येच आली आहेत, उघडू का?

फ्रेमकाम
आत्ताच उघडा. दमट उष्म्यात अॅक्रिलिकचा थर मऊ पडतो आणि बुडबुड्यांचे गोल ठसे उमटतात. एखादं चिकटलं असेल तर ओढू नका. आधी एसीच्या खोलीत तासभर गार होऊ द्या, मग कोपऱ्यापासून पृष्ठभागाला समांतर हळूहळू सोडवा. परत पाठवताना चित्राला लागून बेकिंगचा सिलिकॉन कागद, त्यावर पुठ्ठा, आणि बबल रॅप सगळ्यात बाहेर, बुडबुडे बाहेरच्या बाजूला.