दुःस्वप्नानंतरचं सूर्योपस्थान: ऋचा कोणत्या, क्रम कसा?

पाणवठा:
आमच्याकडे ऋग्वेदी आश्वलायन परंपरा आहे. वाईट स्वप्न पडलं की सकाळी सूर्यासमोर उभं राहून काही ऋचा म्हणतात, एवढंच ऐकून माहीत आहे. त्या कोणत्या आणि किती? होम, ब्राह्मणभोजन वगैरे लागतं का? आषाढात सूर्य दिसतच नाही, तेव्हा काय करायचं? शिवाय घरात पाच वर्षांचा मुलगा आहे, तो रात्री दचकून किंचाळतो. त्याच्यासाठी वेगळं काही असतं का?

समिधा:
होम लागत नाही. आश्वलायन गृह्यसूत्राच्या (घरच्या विधींचा जुना सूत्रग्रंथ) तिसऱ्या अध्यायात सहाव्या खंडात हे आलंय आणि अगदी थोडक्यात आलंय: अप्रिय स्वप्न पाहिलं तर 'अद्या नो देव सवितः' या दोन आणि 'यच्च गोषु दुष्ष्वप्न्यम्' या पाच ऋचांनी सूर्याचं उपस्थान करावं. एकूण सात ऋचा. नीट म्हटल्या तरी तीनेक मिनिटं लागतात.

पहिल्या दोन ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलातल्या 82व्या सूक्तातल्या, चौथी आणि पाचवी:

अद्या नो देव सवितः प्रजावत्सावीः सौभगम् । परा दुष्ष्वप्न्यं सुव ॥
विश्वानि देव सवितर्दुरितानि परा सुव । यद्भद्रं तन्न आ सुव ॥

दुसरी बऱ्याच जणांना पाठ असते, पण ती एकटीच म्हणून थांबतात. स्वप्नाचा उल्लेख पहिलीत आहे, तिला वगळून कसं चालेल?

पुढच्या पाच आठव्या मंडलातल्या 47व्या सूक्ताच्या शेवटच्या, 14 ते 18. त्या उषेला उद्देशून आहेत. वाईट स्वप्न दूर त्रित आप्त्य या वैदिक देवतेकडे घेऊन जा, अशी तिला विनवणी आहे. 17वी मला फार आवडते: 'यथा कलां यथा शफं यथ ऋणं संनयामसि'. सोळावा हिस्सा, आठवा हिस्सा करत कर्ज फेडावं, तसं सगळं दुःस्वप्न आप्त्याकडे पोचतं करतो, असा तिचा भाव. 18वीत 'अजैष्माद्यासनाम च', म्हणजे आज आम्ही जिंकलो, मिळवलं, निष्पाप झालो. एवढ्या उंचीवर नेऊन ते सूक्त सोडतं, म्हणून 14वीवर थांबू नका.

क्रम असा: स्नान, आचमन, प्राणायाम. संध्या करत असाल तर ती आधी. मग पूर्वेला तोंड करून उभ्याने, हात जोडून सात ऋचा. सूत्रात संकल्प सांगितलेला नाही, पुढच्या काळातले प्रयोग (विधी कसा करायचा ते सांगणाऱ्या पोथ्या) तो जोडतात. मनात हेतू धरलात तरी पुरे. ढग असले तरी दिशा बदलत नाही, पूर्वेकडे पाहूनच म्हणायचं. मात्र उषेच्या ऋचा आहेत, त्या दहा वाजता उरकू नयेत. सूर्योदयाच्या आसपासच म्हणाव्यात.

चुका कुठे होतात? पाचही ऋचांच्या शेवटी 'अनेहसो व ऊतयः सुऊतयो व ऊतयः' हे पालुपद आहे. घाईत ते गळतं आणि मग ऋचेचा तिसरा हिस्सा गेला, कारण सहा पादांपैकी दोन पाद तेच आहेत. दुसरी चूक 'दुष्ष्वप्न्यं'ची. छंद मोजणारे तिथे 'नियं' असं फोडतात. अक्षरं मोजताना ते बरोबर आहे, पण म्हणताना 'न्यं'च म्हणायचं.

सात ऋचा येत नसतील तर सूत्रानेच पर्याय दिलाय: 'यो मे राजन्युज्यो वा सखा वा', दुसऱ्या मंडलातल्या 28व्या सूक्तातली दहावी. ही वरुणाची. मित्राने किंवा सोबत्याने स्वप्नात भय सांगितलं, चोर किंवा लांडगा टपून बसलाय, त्यापासून राख, असं मागणं आहे. ओळखीचं माणूस स्वप्नात भिववतं तेव्हा ही नेमकी बसते.

तुळशीकट्टा:
संथा (गुरूकडून स्वरांसह वेदपाठ शिकणं) झालेली नसेल तर स्वरांच्या धास्तीने अडून राहू नये. रात्री अंथरुणावर:

रामं स्कन्दं हनूमन्तं वैनतेयं वृकोदरम् ।
शयने यः स्मरेन्नित्यं दुःस्वप्नस्तस्य नश्यति ॥

पाच नावं: राम, कार्तिकेय, मारुती, गरुड, भीम. 'नित्यं' म्हटलंय, तेव्हा स्वप्न पडल्यावर नव्हे, रोज निजताना. सकाळसाठी गजेंद्रमोक्ष. भागवताच्या आठव्या स्कंधातच सांगितलंय की दुःस्वप्नाच्या उपशमासाठी पहाटे उठून, शुचिर्भूत होऊन त्याचं कीर्तन करावं. स्तुतीचा अध्याय तिसरा, 33 श्लोकांचा.

सुश्रुताने आपल्या आयुर्वेदग्रंथात, सूत्रस्थानाच्या 29व्या अध्यायात आणखी दोन कामाच्या गोष्टी सांगितल्यात. स्वप्न पहिल्या प्रहरी पडलं तर शुभाचं चिंतन करून पुन्हा झोपावं. आणि वाईट स्वप्न कुणाला सांगू नये. हे दुसरं घरोघर मोडलं जातं. चहाच्या वेळी चौघांना सांगून प्रत्येकाकडून अर्थ काढून घेतला की भीती चौपट होते. चरकाने स्वप्नाचे सात प्रकार केलेत, त्यातले पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं आणि कल्पिलेलं हे पाच निष्फळ धरलेत. म्हणजे बहुतेक स्वप्नांना शांतीची गरजच नाही, हे ग्रंथच सांगतो.

पाणवठा:
दोघांचे आभार. सात ऋचा उतरवून घेतल्या. मुलाचं राहिलं. घरात दृष्ट काढायचं म्हणतायत. तो झोपल्यावर तासा-दीड तासाने ओरडतो, डोळे उघडे असतात, पण आम्हाला ओळखत नाही. सकाळी त्याला काही आठवत नाही.

ओटीवरचा दिवा:
तुम्ही लिहिलंय ते स्वप्न वाटत नाही. स्वप्नाने मूल बहुधा उत्तररात्री जागं होतं, बिलगतं, काय दिसलं ते सांगतं. पहिल्या दोन-तीन तासांत, उघड्या डोळ्यांनी, ओळख नाही, आठवण नाही, ही गाढ झोपेतली अर्धवट जाग. इंग्रजीत नाइट टेरर म्हणतात. त्याला हलवून, तोंडावर पाणी मारून उठवू नका, त्याने घाबरणं लांबतं. पडणार नाही एवढं पाहा, दिवा मंद ठेवा, आपोआप शांत होतो. अपुरी झोप आणि ताप यांनी हे वाढतं. रोज ठरावीक वेळी होत असेल तर त्याआधी 15 ते 30 मिनिटं हलकेच जागं करून पुन्हा निजवायचं, काही आठवडे. अंग ताठ होणं, झटके, लाळ गळणं किंवा एका रात्रीत अनेकदा होणं असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या, फोनवर व्हिडिओ काढून न्या.

दृष्ट काढायला हरकत नाही, पण तिन्हीसांजेला, तो जागा असताना. मूठभर खडेमीठ आणि चमचाभर मोहरी, डोक्यापासून पायापर्यंत तीनदा उतरवायची, मग तापलेल्या लोखंडी तव्यावर टाकायची. तवा मुलापासून लांब, हातात झाकण. मीठ तडतडून उडतं, मोहरी तर थेट डोळ्यापर्यंत येते. सुक्या मिरच्या घालू नका. ठसका नाही आला तर दृष्ट होती असं म्हणतात, पण बंद फ्लॅटमध्ये त्या धुराने मुलाला खोकल्याची उबळ येते आणि झोप आणखी तुटते.

समिधा:
मोठ्यांसाठी एक भर. तेच स्वप्न पुन्हा पुन्हा पडत असेल तर उपस्थानानंतर पाच मिनिटं बसून त्याचा शेवट बदलून कागदावर लिहा. दार उघडलं, दिवा लागला, आपल्याला हवं ते. नवी आवृत्ती रोज दहा-वीस मिनिटं डोळे मिटून मनात पाहायची. मानसोपचारात ही पद्धत रुळलेली आहे. फार भीषण स्वप्नाने सुरुवात करू नका, कमी त्रासाचं आधी घ्या. रक्तदाबासाठी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी सुरू झाल्यावर स्वप्नं वाढली असतील तर डॉक्टरांना सांगा, गोळी मनाने बंद करू नका. आणि झोपेत प्रत्यक्ष हातपाय झाडून शेजारच्याला मार बसत असेल, तर त्यासाठी आधी न्यूरॉलॉजिस्ट गाठा.