पंचायतीच्या कामाच्या विटा कुठून येतात हे विचारायचा हक्क आहे का?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका, कर्नाटक)
नमस्कार मंडळी. मी ग्रामपंचायत सदस्य आहे. गावात अंगणवाडीच्या कंपाऊंडचं काम मंजूर झालंय. विटांचा ट्रॅक्टर का येईना म्हणून परवा भट्टीवरच गेले. तिथं बाहेरगावची जोडपी आहेत, पाऊस संपल्यावर मुकादमानं उचल देऊन आणलेली. आठवड्याला फक्त खर्ची मिळते, हिशेबाची वही मालकाकडं. एका बाईच्या माहेरी बारावं होतं, तर नवऱ्याला ठेवून घेऊन हिला एकटीला सोडलं. दोघं गेलात तर परत येणार नाही म्हणून! पोरं कच्च्या विटा परतत बसलेली, म्हणजे आमच्याच अंगणवाडीच्या वयाची.

मीटिंगला विषय काढला. पीडीओसाहेब (पंचायत विकास अधिकारी) म्हणाले, "मॅडम, टेंडरात विटेचा दर्जा लिहितात, जन्मपत्रिका नव्हे." सगळे हसले. पण पैसा सरकारचा, खरेदी आपली. मग अट घालता येते की नाही? आणि घातली तर त्या माणसांचं काही भलं होईल, की आपण नुसते हात झटकल्यासारखं?

टिळकवाडीचा वकील
ताई, तुम्ही सांगताय ती वेठबिगारीच. 1976 च्या कायद्याला साखळदंड लागत नाही. उचलीपोटी माणसाचं जायचं-यायचं, दुसरं काम धरायचं स्वातंत्र्य गेलं की पुरे. कलम 6 प्रमाणे ती उचल फेडायची जबाबदारीच संपते, वसुलीचा दावाही लावता येत नाही. असं राबवून घेणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद.

हक्काचं म्हणाल तर दिल्लीच्या एशियाडची बांधकामं आठवा. कंत्राटदार किमान वेतन देत नव्हते. 1982 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, किमान वेतनाहून कमी देऊन काम करून घेणं ही घटनेच्या कलम 23 मधली सक्तीची मजुरी, आणि मध्ये कंत्राटदार आहे म्हणून सरकारला हात झटकता येणार नाहीत. तुमची भट्टी मात्र एक पायरी लांब. ते मजूर कंत्राटदाराचे नव्हेत, त्याला विटा देणाऱ्याचे. म्हणूनच अट कागदावर लिहून घ्यावी लागते.

निपाणीकर (सध्या इंग्लंड)
मी इथं एका कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, खरेदी खात्यात आहे. इथं 2015 चा आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा आहे. वर्षाला 3 कोटी 60 लाख पौंडांवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना पुरवठासाखळीत काय तपासलं ते जाहीर करावं लागतं. कौन्सिलांवर ती सक्ती नाही, पण को-ऑपरेटिव्ह पार्टी या इथल्या राजकीय पक्षानं 2018 मध्ये गुलामगिरीविरोधी एक सनद काढली आणि बऱ्याच कौन्सिलांनी ती मान्य केली. त्यातलं मला सगळ्यात कामाचं वाटतं ते हे, की टेंडर संशयास्पद स्वस्त आलं तर खुश व्हायचं नाही, एवढ्यात परवडतं कसं ते विचारायचं. फेब्रुवारी 2025 पासून नवा खरेदी कायदाही लागू झालाय, त्यात गुलामगिरीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला बाद करायची तरतूद आहे.

आता ऐका गंमत. इथल्या वृद्धांच्या सेवेचं बरंचसं काम कौन्सिलच खाजगी संस्थांना देते. आणि तिथं आपल्याकडच्या पोरी व्हिसासाठी एजंटला लाखो रुपये मोजून, कर्ज डोक्यावर घेऊन आलेल्या सापडतात. नुसतं निवेदन वेबसाईटवर टाकणारे भरपूर. त्या पोरींना एकटं गाठून "पैसे कुणाला दिलेस?" विचारणारे थोडे.

गणेशपूरचा कॉन्ट्रॅक्टर
सगळं खरं हाय, पण एस्टिमेट एसआर दरानं, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या दरपत्रकानं, काम सगळ्यात कमी दरवाल्याला, आणि बिल सहा महिन्यांनी. भट्टीवाल्याला मी काय सोन्याचा भाव माग म्हणू? अट घाला, पण मग दरही तसा धरा की. नाहीतर सगळे सह्या करतील, विटा त्याच येतील.

टिळकवाडीचा वकील
कॉन्ट्रॅक्टरसाहेबांचं दराचं म्हणणं मान्य. ताई, एक धोका सांगतो. आधी अट लावून भट्टी बाद केलीत तर ती जोडपी एका रात्रीत दुसऱ्या जिल्ह्यात जातील, उचलीची वही घेऊनच. त्यांच्या हातात वेठबिगारीतून सुटल्याचं मुक्तता प्रमाणपत्र पडलं पाहिजे, त्याशिवाय पुनर्वसन नाही. केंद्राच्या योजनेत तातडीची मदत 30,000 रुपयांपर्यंत, पुढं पुरुषाला 1 लाख, बाई-मुलांना 2 लाख, पण ही मोठी रक्कम खटल्याच्या निकालाला बांधलेली. तेव्हा आधी एसींना (असिस्टंट कमिशनर, म्हणजे आपले प्रांत) लेखी कळवा, गाजावाजा न करता. जबाब मालकासमोर होऊ देऊ नका. बिल त्यानंतर अडवा.

मलप्रभाकाठ
उद्या बेळगावला जाऊन एसी ऑफिसात अर्ज देते, पीडीओंना नंतर सांगेन. पुढच्या कामासाठी ठराव आणते: भट्टीचं नाव आणि मजुरी दिल्याचा पुरावा बिलासोबत जोडायचा, आणि सदस्यांनी न सांगता भट्टीवर जायचं. दराचं तालुका पंचायतीच्या इंजिनिअरला विचारते. ठराव कन्नडात लागतो आणि माझं कन्नड बाजारापुरतं. कुणी लिहून देईल का?