डिक मॅकटॅगर्टच्या लढतींबद्दल मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार. भाचा डावखुरा आहे, नुकताच बॉक्सिंग शिकायला लागलाय. त्याला दाखवायला जुने डावखुरे बॉक्सर शोधता शोधता मी स्कॉटलंडच्या डिक मॅकटॅगर्टवर येऊन अडकलो.

डंडी गावचा हा माणूस, रॉयल एअर फोर्समध्ये आचारी! १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये लाइटवेट गटाचं सुवर्ण, शिवाय सर्वांत शैलीदार बॉक्सरला मिळणारी वॅल बार्कर ट्रॉफीही त्यालाच. १९५८ ला कार्डिफच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, १९६० ला रोम ऑलिम्पिकमध्ये कांस्य, १९६४ ला टोकियोतही उतरला. एकूण ६३४ लढती, त्यातल्या ६१० जिंकल्या, आणि तरी शेवटपर्यंत हौशीच राहिला. पैशासाठी एकही लढत नाही. मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं.

आता अडचण. रोमच्या उपांत्य फेरीत पोलंडच्या काझिमिएश पाझ्जिओरकडून तो गुणांवर हरला (उच्चार चुकला असेल तर सांभाळून घ्या). त्या काळी पंच गुण नेमके कसे द्यायचे? नुसते लागलेले ठोसे मोजायचे, की शैलीलाही किंमत होती? आजच्या नियमांनी विचार केला की माझा गोंधळ होतो.

दुसरं म्हणजे, मेलबर्नची अंतिम लढत पूर्ण कुठे बघायला मिळेल का? तुकडे नकोत, त्याची पावलं कशी पडतात ते भाच्याला दाखवायचंय. इथे कुणी जुने बॉक्सर किंवा पंच असतील तर प्लीज सांगा.