'विश्वासात घेणे' म्हणजे विचारणे की सांगणे?

कानामात्रा
शहराच्या कारभारावरची एक मार्गदर्शिका मराठीत आणते आहे. वस्तीतला रस्ता बदलायचा, बसथांबा हलवायचा किंवा मोकळ्या जागेवर काही बांधायचं ठरलं, तर महापालिकेने तिथल्या लोकांशी कसं वागावं, असा विषय आहे. मूळ इंग्रजीत 'एंगेज' हे क्रियापद पानोपानी येतं. मी बिनधास्त लिहिलं, 'रस्त्याचा आराखडा करण्याआधी रहिवाशांना विश्वासात घ्यावे.' तपासणाऱ्यांचा शेरा आला: 'विश्वासात घेणे म्हणजे ठरलेलं सांगणे. इथे अजून काही ठरलेलंच नाही.' मी गार. मी हा प्रयोग जन्मभर 'आधी विचारणे' याच अर्थाने वापरत आले. 'मला विश्वासात न घेता ठरवलंत' या तक्रारीचा दुसरा अर्थ काय होतो?
(साखरपुड्याचा विनोद सुचला असेल तर तो करून झाला आहे असं समजा.)

जुनीपाटी
तपासणाऱ्यांचं बरोबर आहे. माणसाला विश्वासात घेऊन सांगतात. 'त्याला विश्वासात घेतलं आणि सगळं सांगून टाकलं.' गुपित घेणाऱ्याकडे असतं. महापालिका लोकांना विश्वासात घेते याचा अर्थ आराखडा खिशात तयार आहे, आता घडी उलगडायची.

पायवाट
होकाराचं उदाहरण घेतलंत, नकाराचं घ्या. 'विश्वासात न घेता निर्णय घेतला' हे वाक्य निर्णयाच्या आधीच्या वेळेबद्दलच असतं. नंतर सांगितलं नाही म्हणून कुणी तसं म्हणत नाही. होकारात 'सांगणे', नकारात 'न विचारणे'. दोघंही बरोबर.

कानामात्रा
हे पटलं, पण मला होकारातच हवं आहे हो!

जुनीपाटी
मग 'सल्लामसलत करावी' लिहा. रुळलेला शब्द आहे.

अर्धविराम
मसलत बंद दाराआड होते. 'गुप्त मसलत' तोंडात सहज येतं, 'जाहीर मसलत' म्हणून बघा, जीभ अडखळते. लोकांना बोलवायच्या कामाला तो शब्द नको.

ओसरी
तुमचं क्रियापदापाशी अडलं, मी नामापाशी अडलेलं पाहिलंय. रस्ता रुंदीकरणाच्या एका बैठकीला गेले होते. भिंतीवर हे एवढा नकाशा, तांबडी रेघ कुठून जाते ते कुणाला कळत नव्हतं. प्रत्येकाच्या हाती पिवळा कागद दिला. वर ठळक अक्षरांत 'सूचना' आणि खाली सगळं कोरं. शेजारच्या आजींनी कागद उलटा केला, सुलटा केला, परत उलटा केला. 'अगं, सूचना कुठे आहेत?' बरोबरच होतं त्यांचं. सूचना म्हणजे 'येथे वाहने उभी करू नयेत', ती वरून खाली येते. मी म्हटलं, 'आपण द्यायच्या आजी, त्यांना.' त्या हसल्या, 'आपण? त्यांना?' मग चष्मा नाकावर सरकवून लिहिलं: 'मी रस्त्याच्या मध्यावर असते तेव्हा दिवा बदलतो.'
पुढची गंमत वेगळीच. टेबलावर दोन खोकी ठेवलेली, 'हरकती' आणि 'सूचना'. तिथल्या माणसाने विचारलं, 'आजी, ही हरकत की सूचना?' आजी म्हणाल्या, 'ही माझी अडचण आहे.' तिसरं खोकं नव्हतं.

पायवाट
वा! मार्गदर्शिकेत हेच घाला, भाषांतर बाजूला ठेवा.

सिग्नलवाला
आजींची अडचण गंभीर आहे. पादचाऱ्यांचा दिवा किती सेकंद ठेवायचा हे माणूस किती वेगाने चालतो असं गृहीत धरलं त्यावर ठरतं. अमेरिकी नियमावलीने २००९ साली हा वेग सेकंदाला चार फुटांवरून साडेतीन फुटांवर आणला. चाळीस फुटी रस्ता ओलांडायला आधी दहा सेकंद धरायचे, आता साडेअकराच्या जवळ. हा दीड सेकंद आजींचा. इथे विचारणं म्हणजे शिष्टाचार पाळणं नाही, माहिती गोळा करणं आहे.

जुनीपाटी
विषय भरकटतोय. पण खोक्यांवरून आठवलं. मुळात 'हरकत' हा शब्दच का? अरबी आहे. 'आक्षेप' स्वच्छ मराठी आहे.

अर्धविराम
आक्षेप संस्कृत आहे, मराठी नव्हे. आणि मुळात फेकणंच ते: क्षिप् म्हणजे फेकणे. खोक्यावर 'आक्षेप' लिहिलं तर लोक काय फेकतील सांगता येत नाही. उलट 'हरकत'चा मूळ अरबी अर्थ हालचाल, गती. गाण्यातली हरकत त्या अर्थाच्या जवळ राहिली, सुरांची लहानशी चपळ हालचाल. आपण कचेरीत नेऊन तिचा अडथळा केला. वाहतुकीच्या आराखड्यावर 'हरकती' मागवतात तेव्हा शब्दाच्या मूळ घराण्याप्रमाणे 'हालचाली' मागवतात. मला हे फार आवडतं.

पायवाट
त्याच्याही पुढे: 'विकास'मधला धातू कस्, आणि धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'कस गतौ': कस् म्हणजे जाणे. म्हणजे विकासही चालणं आणि हरकतही चालणं! भांडण कशाचं मग?

जुनीपाटी
धातुपाठात अर्ध्या धातूंचा अर्थ 'गतौ' आहे. त्यावर इमले बांधू नका.

आडवाट
मूळ प्रश्नाला हात घालतो. शेरी अर्नस्टीन अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्यात लोकसहभागाचंच काम पाहत होत्या. १९६९ साली त्यांनी आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी लोकांना वापरून घेणं. त्यावर 'उपचार', म्हणजे बिघाड लोकांतच आहे असं धरून त्यांनाच सुधारायला निघणं. मग कळवणं, मत विचारणं, समजूत काढणं. या तिघांना त्या देखावा म्हणतात. त्यावर भागीदारी, अधिकार सोपवणं आणि शेंड्यावर लोकांचाच ताबा. 'एंगेज' हे क्रियापद या शिडीवर कुठेही बसतं, म्हणूनच कचेऱ्यांना ते प्रिय आहे. कानामात्राताई, मूळ लेखकाला विचारा, तुम्ही कितव्या पायरीवर उभे आहात? मराठी शब्द आपोआप मिळेल.

कानामात्रा
मूळ लेखक म्हणजे एक समिती आहे. समिती कुठल्याच पायरीवर नसते.

जुनीपाटी
माझ्या मते 'विश्वासात घेणे' तिसरी पायरी.

पायवाट
चौथी.

अर्धविराम
पाचवी. आमच्या भागात विश्वासात घ्यायला येतात तेव्हा समजूतच काढायला आलेले असतात. आणि 'समजूत काढणे' हा प्रयोग काय अप्रतिम आहे! मुळात जी समजूत होती ती काढून टाकायची.

जुनीपाटी
तसा अर्थ नाही त्याचा. काटा काढणे आणि समजूत काढणे यातलं 'काढणे' एक नव्हे.

अर्धविराम
कधीकधी एकच असतं.

ओसरी
'सहभागी करून घ्यावे' कुणालाच कसं सुचलं नाही?

कानामात्रा
पहिल्या खर्ड्यात तेच होतं. पण पुढच्याच प्रकरणात 'सहभागी अंदाजपत्रक' आलं आणि मला घाम फुटला. ब्राझीलच्या पोर्तो आलेग्रे शहरात १९८९ पासून लोक सभांमध्ये बसून वस्तीतल्या कामांचे अग्रक्रम लावू लागले, खर्चातला काही भाग त्यावरून ठरू लागला, ती पद्धत. 'सहभागी अंदाजपत्रक' म्हटलं की अंदाजपत्रकच कशात तरी सहभागी झाल्यासारखं वाटतं. शिवाय 'करून घ्यावे' यात यजमान कोण ते आधीच ठरून जातं. रस्ता ज्यांच्या दारातून जातो त्यांनाच पाहुण्यासारखं आत बोलवायचं!

आडवाट
'लोकांनी ठरवलेलं अंदाजपत्रक' म्हणा. लांब आहे पण खोटं नाही.

जुनीपाटी
पूर्ण खरंही नाही. सगळं अंदाजपत्रक लोक ठरवत नाहीत, आत्ताच कानामात्रांनी 'काही भाग' म्हटलं.

पायवाट
एक बारीक गोष्ट. ताईंनी 'रहिवासी' लिहिलं ते जपा. सरकारी मराठीत तिथे डोळे मिटून 'नागरिक' पडतं. भाड्याने राहणारा परदेशी विद्यार्थी रहिवासी आहे, नागरिक नाही. आणि जो रोज येऊन पदपथावर विक्रीला बसतो पण राहतो दुसरीकडे, तो रहिवासीही नाही. रस्ता बदलला तर पहिला फटका त्याला. त्याला काय म्हणाल?

ओसरी
'संबंधित'.

अर्धविराम
'भागधारक' म्हणू नका एवढी विनंती. एका अहवालात वाचलं, 'पदपथाचे सर्व भागधारक उपस्थित होते.' कुणाकडे किती शेअर होते ते लिहायचं राहिलं असावं.

जुनीपाटी
'पौर' हा शब्द पुन्हा आणा. पुरात राहणारा तो पौर.

सिग्नलवाला
पुरात राहणारा? पावसाळ्यात आम्ही सगळेच पौर.

जुनीपाटी
पुर ऱ्हस्व, पूर दीर्घ. 'महापौर' चालतो ना सगळ्यांना? सावरकरांच्या नावावर सांगतात तो शब्द. नवा होता तेव्हा त्यालाही लोक हसले असतील. भाषा अशीच घडवावी लागते.

अर्धविराम
एक महापौर टिकला म्हणून सगळे पौर टिकत नाहीत. आणि अरबी-फारसी काढायचंच म्हणता, तर 'रहदारी'चं काय करणार? फारसी राहदारी म्हणजे वाटेवरची राखण, आणि त्यापायी मुसाफिरांकडून उकळलेला कर. आपण कर विसरलो, गर्दी ठेवली. गर्दीच्या भागात शिरणाऱ्या गाड्यांवर लंडनने २००३ साली कर बसवला, त्याला 'राहदारी' इतका नेमका शब्द तयार असून आपण 'गर्दी शुल्क' लिहितो.

कानामात्रा
अहो, हा शब्द पुढच्या प्रकरणात आहे माझ्या! पण लोक 'रहदारी'च वाचतील ना?

सिग्नलवाला
वाचतीलच. आणि मग 'वाहतूक' आणि 'रहदारी' यांत फरक काय, हा धागा उघडावा लागेल. माझ्या मते वाहतूक गाड्यांची, रहदारी माणसांचीही.

पायवाट
उलट आहे. 'मालाची वाहतूक' म्हणतो, 'मालाची रहदारी' नाही, एवढंच सिद्ध होतं. बाकी तुमची इच्छा.

आडवाट
आणि डच 'वूनर्फ'ला मराठी काय? गाड्यांनी माणसांच्या चालीने जायचं अशी गल्ली. नेदरलँड्सने १९७६ साली तिला कायद्यात जागा दिली. शब्दशः 'राहण्याचं आवार'. मी 'अंगणरस्ता' सुचवतो.

ओसरी
अंगणरस्ता! हा मी उद्यापासून वापरणार.

जुनीपाटी
समास तपासा. अंगणाचा रस्ता की अंगण हाच रस्ता?

कानामात्रा
मुदत संपली, खर्डा पाठवला. 'रस्त्याचा आराखडा करण्याआधी रहिवाशांना आणि तिथे रोज येणाऱ्यांना विचारावे' असं लिहिलं. आजींचा किस्सा गेला नाही, जागा नव्हती. तपासणाऱ्यांचं उत्तर आत्ताच आलं: '"विचारावे" उघडं वाटतं. "विश्वासात घेऊन विचारावे" करावे का?'

जुनीपाटी
कर्मधारय असेल तर चालेल.

कानामात्रा
काय?

जुनीपाटी
अंगणरस्ता.